कॅननची फिफ्टी आणि फुकटचं डार्कटेबल : एका चित्रकला शिक्षिकेचा अनुभव

शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे रंगांच्या बाबतीत मी हट्टी आहे. माझ्या २००डी कॅमेऱ्यासाठी कॅननची ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम लेन्स घ्यायला नागपुरात सीताबर्डीत गेले, तेव्हा दुकानदार म्हणाले, "ताई, यात झूम नाही बरं. थोडे पैसे अजून टाका नं, ५५-२५० ची झूम लेन्स घेऊन जा." मी फिफ्टीच घेतली आणि त्याचं आजही समाधान आहे. फोटोग्राफी शिकायची असेल तर कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किटलेन्सनंतरची पहिली खरेदी हीच करावी. मात्र सोबत रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद, डार्कटेबल या फोटो सुधारायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हाताळायलाही शिकावं, नाहीतर लेन्सचं अर्धं मोल वाया जातं.

लेन्स २०१५ साली आली. वजन १६० ग्रॅमच्या आसपास, किंमत दहा हजारांच्या आतबाहेर, हाताची थरथर सावरणारा इमेज स्टॅबिलायझर नाही. २००डीचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, असल्यामुळे फुल फ्रेमवर ८० एमएम लेन्समधून जेवढं दिसेल तेवढंच दिसतं. घरातल्या छोट्या खोलीत दोन माणसांचा फोटो काढायचा तर पाठ भिंतीला टेकते.

या लेन्सची खरी किंमत कळते ती मुलांच्या तान्ह्या पोळ्याला. आमच्या गल्लीत पोरं सजवलेले लाकडी बैल ओढत येतात तेव्हा उन्हं उतरलेली असतात आणि पोरं एका जागी ठरत नाहीत. किटलेन्स ५५ एमएमवर नेली की अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं). फिफ्टी एफ/१.८ ला त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० लागायचा तिथे ६४० वर भागतं, आणि झुलीवरचे आरसे, पोराच्या कपाळावरचा टिळा सगळं स्वच्छ येतं. पण दोन मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम अकरा सेंटीमीटरचा पट्टा रेखीव असतो. बैलाच्या शिंगावर फोकस धरला तर मागे दोरी धरून उभ्या पोराचा चेहरा पुसट होतो. एफ/४ ला तो पट्टा दुपटीहून रुंद होतो, मग दोघंही सापडतात. झूम नसल्यामुळे पुढे-मागे आपणच सरकायचं, आणि सरकता सरकता अंतर, अॅपर्चर, पार्श्वभूमी यांचं नातं अंगवळणी पडतं. वर्गात फळ्यावर मी ते इतकं चांगलं शिकवू शकले नसते.

आता संत्री. आंबिया बहार बाजारात आला की मी कॅमेरा घेऊन जाते. ही लेन्स ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस करते आणि तेवढ्यावरून एक संत्रं चौकटीची उंची जवळजवळ भरून टाकतं. पण कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेल्या जेपेग फाइलमध्ये साल म्हणजे नुसता सपाट केशरी ठिपका; तिच्यावरची ती बारीक तेलकट छिद्रं गायब. फोटोतला रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलांत नोंदला जातो; केशरी रंगात लाल चॅनल सगळ्यांच्या आधी कमाल मर्यादेला भिडतो. एकूण उजेड बेताचा वाटत असला तरी लालातले बारकावे कापले जातात. रॉमध्ये मात्र ते बहुधा शाबूत असतात, कारण दिवसाच्या प्रकाशात व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी) लाल चॅनलला वाढवतो, आणि ही वाढ रॉ नोंदल्यानंतरची असते. शिवाय जेपेगला दर चॅनलला २५६ पायऱ्या, तर १४ बिट रॉला १६,३८४.

डार्कटेबलमध्ये फाइल उघडा, हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) लाल रेघ कुठवर गेली आहे ते पाहा आणि एक्स्पोजर (एकूण उजळपणा) हळूहळू खाली आणा. एका टप्प्यावर सालीवरची छिद्रं एकेक करून वर येतात. मला तो क्षण फार आवडतो. निळ्या ताडपत्रीखाली काढलेल्या फोटोत संत्री मळकट दिसतात. तेव्हा चौकटीतल्या एखाद्या पांढऱ्या कागदाचा तुकडा निवडून व्हाइट बॅलन्स लावला की रंग ठिकाणावर येतो. मूळ फाइलला धक्का लागत नाही, सगळे बदल वेगळ्या एक्सएमपी फाइलमध्ये राहतात. म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती मी हे बिनधास्त देते.

डार्कटेबल पहिल्यांदा उघडलं की गोंधळायला होतं, हे खरं. मॉड्यूल (बदल करायची साधनं) फार आहेत आणि जुन्या लॅपटॉपवर ते संथ चालतं. सुरुवातीला एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, डीनॉइज (दाणे घालवणारं) आणि लेन्स करेक्शन एवढीच शिका.

लेन्स करेक्शन कामी येतं ते मारबतीच्या, म्हणजे नागपुरातल्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, फोटोंना. इतवारी-महालच्या गल्ल्यांत त्या गर्दीत मागे सरकायला वीतभर जागा नसते, तिथे फिफ्टी बॅगेत ठेवून किटलेन्सचं १८ एमएम टोकच वापरावं. मग कडेच्या घरांचे सज्जे बाहेरच्या बाजूला वाकलेले दिसतात. लेन्स करेक्शन त्या लेन्सची नोंद वाचून ते सरळ करतं. पिवळी मारबत मधोमध उभी आणि दोन्ही बाजूंचे सज्जे ताठ, असा फोटो मी शाळेच्या भिंतीवर लावला आहे.

गोरेवाड्याचे पक्षी किंवा पेंचचे वाघ हवे असतील तर ही लेन्स घेऊ नका. तिथे दुकानदारांचीच ५५-२५० बरी. ज्यांच्याकडे कॅननचा आर मालिकेतला मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आहे त्यांनी २०२० ची आरएफ ५० एमएम एफ/१.८ घ्यावी, म्हणजे अॅडॉप्टर (लेन्स बसवायची जोडकडी) लागणार नाही. माझ्यासारखा कॅननचा आरसेवाला डीएसएलआर असलेल्यांनी ईएफ घ्यावी. हूड (आडवं ऊन अडवणारी कडा) सोबत येत नाही, तो वेगळा मागून घ्या, आणि फिल्टर लावायचा असेल तर ४९ एमएमचा मागा.