नाकामागच्या गाठीची बायोप्सी: तालुक्यातून नागपूरला तुकडा पाठवणारी लॅब-सेवा

पांढरकवडा-वणी पट्ट्यातून बायोप्सी नागपूरला नेणाऱ्या या सेवेत तपासणी पक्की आहे, पण तालुक्याचं कलेक्शन सेंटर कच्चं आहे.

पक्की का, ते एका दुर्मिळ गाठीवरून कळतं. नाकामागच्या घशाच्या छताला किंवा नाकाच्या पडद्याच्या मागच्या कडेला होणारा, मंद वाढणारा पॅपिलरी अॅडेनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींचा, फांद्यांसारखा वाढणारा कॅन्सर). नाक चोंदतं, कधी रक्त येतं, कान दडे बसल्यासारखा वाटतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तो हुबेहूब थायरॉइडच्या पॅपिलरी कॅन्सरसारखा दिसतो: फांद्या फुटलेली रचना, फिकट, एकमेकांवर चढलेली केंद्रकं. टीटीएफ-१ हा थायरॉइडच्या पेशींत दिसणारा मार्कर (पेशी ओळखायची खूण) सुद्धा पॉझिटिव्ह येतो! तिथेच थांबलं तर ‘थायरॉइडमधून पसरलेला’ असा शिक्का बसतो आणि धडधाकट थायरॉइडवर सुरी चालते. ही लॅब थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉइडच्या पेशीच बनवतात त्या प्रथिनाचा मार्कर, लावल्याशिवाय रिपोर्ट सोडत नाही. या गाठीत तो निगेटिव्ह असतो. ईबीईआर, म्हणजे नेहमीच्या नासोफॅरिंक्स (नाकामागचा घसा) कॅन्सरमध्ये सहसा सापडणाऱ्या ईबी विषाणूची चाचणीही करते. नेहमीच्या नासोफॅरिंक्स कॅन्सरचा मुख्य उपचार रेडिएशन, तर ही गाठ दुर्बिणीतून पूर्ण काढली की बहुतेकदा भागतं, म्हणून हा फरक कागदावर यायलाच हवा. थायरॉइडची सोनोग्राफी करून घ्या, असंही रिपोर्टात लिहून येतं. हे फार मोलाचं आहे.

आता सेंटरबद्दल. तिथे सलाइनची बाटली पुढे केली जाते, ती घेऊ नका. सलाइनमध्ये पेशी कुजत जातात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर झपाट्याने. १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनच मागा, तुकड्याच्या निदान १० पट. बाजारातलं मूळ फॉर्मेलिन पातळ न करता तसंच ओतलं तर तुकडा वरून कडक होतो, आत मुरत नाही. तुकडा काही मिलिमीटरचाच असतो. कोरड्या गॉजवर ठेवला की सुकतो, चिमट्यात दाबला की पेशी चिरडतात, मग मार्करही काही सांगू शकत नाहीत. फॉर्मेलिनमध्ये ६ ते ७२ तास, त्याहून जास्त नको. शनिवारी दिलेला तुकडा सोमवारपर्यंत सेंटरवरच पडून राहतो, तेव्हा सोमवार-मंगळवारीच द्या. नाव बाटलीवर लिहून घ्या, झाकणावर नको, झाकणं बदलतात. फॉर्मवर ‘नाकामागची गाठ’ आणि आधीचा थायरॉइडचा आजार आहे की नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागितला की लॅब कुरकुर न करता देते. सेवाग्रामला किंवा मुंबईला दुसरं मत घ्यायचं असेल तर स्लाइडसोबत तो न्यावाच लागतो.