केळव्याचा किनारा: नाशिकहून कुत्र्याला घेऊन जायचं तर

कुत्र्याला मनसोक्त पळू देता येईल असा समुद्र नाशिककरांना हवा असेल, तर पालघर तालुक्यातलं केळवे उत्तम. लांबलचक सपाट पुळण, पायाला न टोचणारी काळसर बारीक वाळू आणि मागे सुरूच्या बनाची गर्द सावली. मात्र जायची वेळ घड्याळावर नाही, पंचांगावर ठरवायची.

कोकणातला हिशोब सोपा आहे. तिथीला 3 ने गुणून 4 ने भागलं की भरतीची वेळ मिळते. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. म्हणजे द्वितीयेला भरती रात्री दीडच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी पावणेआठच्या आसपास. कुत्र्यासाठी हीच वेळ सोन्यासारखी, कारण वाळू गार असते आणि किनारा रुंद. संध्याकाळ हवी असेल तर त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या बघा. दुपारी नेऊच नका. हाताची मागची बाजू वाळूवर 7 सेकंद टेकवता आली नाही, तर पंजे भाजणारच.

शीतलादेवी मंदिरासमोर शनिवार-रविवारी गर्दी असते, तिथे पट्टा सोडू नये. दक्षिणेला दांडा खाडीचं मुख आणि पाणकोट, म्हणजे पाण्यातला छोटा किल्ला, आहे. ओहोटीला कोटापर्यंत चालत जाता येतं, म्हणून बरेच जण कुत्र्यालाही नेतात. आमचं स्पष्ट मत, नेऊ नका. तिथल्या दगडांना चिकटलेली कालवं पंजा ब्लेडसारखा चिरतात, गाळात पाय रुततात आणि ओहोटीचं पाणी खाडीतून समुद्राकडे जोरात ओढतं. गोदावरीत डुंबायची सवय असलेला कुत्रा इथे बिनधास्त उतरतो आणि ओढीच्या उलट पोहून दमतो. त्याच्यामागे माणूस उडी मारतो. मार्च 2022 मध्ये नाशिकहून सहलीला आलेले विद्यार्थी याच किनाऱ्यावर बुडाले, हे विसरता कामा नये. त्यामुळे खाडीकडे पाठ करून उत्तरेला चालायचं. पाण्याजवळ गळ्यातला पट्टा नको, हार्नेस आणि 10 मीटरचा लांब पट्टा हवा. तो नायलॉनचा असावा, सुती ओला झाला की जड होतो.

भरतीने आणून टाकलेल्या कचऱ्याच्या रेषेवर नजर ठेवा. जाळ्यांचे तुकडे आणि गळ तर असतातच, पण खरा धोका केंड (पफर) माशाचा. फुगलेला, वाळलेला केंडसुद्धा विषारी असतो. कुत्र्याने तो चघळला तर लाळ गळणं, मागचे पाय लटपटणं ही लक्षणं दिसायची वाट न बघता थेट डॉक्टरकडे न्या. जवळचं मोठं गाव पालघर, त्यामुळे तिथल्या पशुवैद्याचा नंबर निघायच्या आधीच मिळवून ठेवा.

खाऱ्या पाण्याने उलट्या-जुलाब होतात. तहानलेला कुत्रा ते पितोच, म्हणून दर 15 मिनिटांनी गोडं पाणी पाजा. 25 किलोच्या लॅब्रेडॉरसाठी पिण्याचं 3 लिटर आणि धुवायला 10 लिटर वेगळं न्यावं. टेनिसचा चेंडू नको, ओल्या चेंडूला चिकटलेली वाळू पोटात जाते आणि दातही झिजतात. गुळगुळीत रबरी रिंग बरी. परतताना बोटांच्या बेचक्या आणि पोट धुऊन कान कोरडे करा. मीठ राहिलं की दुसऱ्या दिवशी चाटून चाटून कातडी लाल होते. सुरूखाली बसलात तर गोचीडही तपासा.

रस्ता त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर असा. घाटातली वळणं कुत्र्याला लागतात, म्हणून निघण्याआधी 4 तास खायला देऊ नका आणि जव्हारला थांबा घ्या. घरगुती राहण्याच्या सोयी पुष्कळ आहेत, पण कुत्रा घेऊन येतोय हे फोनवरच सांगा. खोलीत चालेल की फक्त अंगणात, हेही तेव्हाच विचारा.