लॅन्सलॉटचं ऑडिओबुक ऐकलं, अर्धं भारी अर्धं झोप

१२व्या शतकातला फ्रेंच कवी क्रेतियाँ द त्रुआ, त्याची ही राजा आर्थरचा सरदार लॅन्सलॉट आणि आर्थरची राणी ग्विनिव्हिअर यांची गोष्ट. पळवलेल्या राणीला सोडवायला निघालेला हा सरदार गुन्हेगारांची धिंड काढायच्या गाडीत चढायला फक्त दोन पावलं कचरतो, आणि पुढे तलवारीच्या पात्याच्याच पुलावरून हातपाय कापून घेत पोचला तरी बाईसाहेब बोलायला तयार नाहीत, का तर ती दोन पावलं!! हा भाग वाचणाऱ्याने काय रंगवलाय राव, मी तर दोनदा ऐकला. टूर्नामेंटमध्ये ती निरोप धाडते की मुद्दाम वाईट लढ, आणि हा येडा खरंच तसा लढतो. मधली लढायांची वर्णनं मात्र एकसुरी, डुलकी लागली. शेवट दुसऱ्याच कवीने पूर्ण केलाय, गोदफ्रुआ द लान्यी, ते कुठे सांगितलंच नाही. साडेतीन स्टार.