जेलमधून सुटलेल्यांना काम मिळवून देणारी सर्व्हिस, डेन्व्हर: मालकाच्या बाजूने रिव्ह्यू

डेन्व्हरजवळ आमचं छोटं वेअरहाऊस आहे, माणसं टिकत नव्हती म्हणून जेलमधून सुटलेल्यांना काम मिळवून देणाऱ्या इथल्या एका संस्थेकडून दोघांना घेतलं. सर्व्हिस खरंच चांगली आहे. केस काय होती, पॅरोलच्या (म्हणजे इथे सुटल्यानंतरची सरकारी देखरेख) अटी काय आहेत सगळं आधीच सांगतात, लपवाछपवी नाही, सेफ्टी शूज आणि बसचा पास पण तेच देतात, सुरुवातीला तर त्यांच्या बाई स्वतः फोन करून विचारायच्या.

अडचण येते ती त्यांच्या हातातली नाही. दोघंही क्लास 3 फेलनीवाले (फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा, क्लास म्हणजे त्याची श्रेणी), पण एकाचा गुन्हा 1 जुलै 2018 च्या आधीचा म्हणून जेल संपल्यावर वरून 5 वर्षं सक्तीचा पॅरोल, दुसऱ्याचा नंतरचा म्हणून 3 वर्षं, कारण आमच्या कोलोरॅडो राज्याने कायदा बदलला तो जुन्या गुन्ह्यांना लागू नाही. आणि 5 वर्षंवाला माझा सगळ्यात भरवशाचा माणूस आहे हो! फोर्कलिफ्ट तोच चालवतो. अजूनही सकाळी उठला की आधी फोन लावून ऐकतो आज आपला कलर आलाय का (प्रत्येकाला एक रंग ठरवून दिलेला असतो), आला की लघवीची टेस्ट द्यायला पळायचं, मग इकडे ट्रक दारात उभा का असेना.

सुरुवातीला देखरेख हवीच, ज्यांचं नुकसान झालंय त्यांचाही विचार व्हायला पाहिजे. पण परत गुन्ह्यात अडकायचा धोका सुटल्यानंतरच्या पहिल्या काळातच जास्त असतो, चौथ्या-पाचव्या वर्षी नोकरी, घर सगळं नीट सांभाळणाऱ्या माणसाचं पॅरोल ऑफिसर बघणार तरी काय? उलट दिवस जितके जास्त तितक्या चुकायच्या जागा जास्त, अपॉइंटमेंट चुकली, न विचारता घर बदललं, नवीन गुन्हा काही नाही तरी परत आत जायची वेळ येऊ शकते. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2020 पासून सुटणाऱ्या बऱ्याच जणांचा पॅरोल 2 वर्षांवर आणला, न्यूयॉर्कच्या 2021 च्या कायद्यात 30 दिवस अटी पाळल्या की 30 दिवस कमी होतात. हे मला जास्त पटतं, नीट वागल्याचा हिशोब तरी होतो.

आमच्या माणसासाठी संस्थेने पगाराच्या स्लिपा, हजेरी, माझं पत्र सगळं जमवून फाईल करून दिलीय, ऑफिसरने शिफारस केली तर पॅरोल बोर्ड त्याला पॅरोलमधून लवकर मोकळं करू शकतं. याचे पैसे घेतले नाहीत. 5 पैकी 5 स्टार. माणसं घेणार असाल तर जरूर घ्या, फक्त शिफ्ट लावताना अपॉइंटमेंटचे दिवस आधी विचारून ठेवा.