ताईचा आरोग्य कट्टा, सातारा : वजनकाटा सोडला तर लय भारी

फुकटातल्या गोष्टीचा रिव्ह्यू कोण लिहितं, पण हॉस्टेलच्या ग्रुपवर चार जणींनी विचारलं 'जायचं का गं तिथं, लेक्चर तर नाही ना देत', म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

तर आमच्या कॉलेजात टीवायची एक पोरगी आहे, विद्यार्थी प्रतिनिधी, एनएसएसवाली, सगळे तिला ताईच म्हणतात, शिपाईमामासुद्धा. कँटिनमागची स्पोर्ट्सची अडगळीची खोली झाडून तिनं हा कट्टा चालू केला. निमित्त झालं रक्तदान शिबिराचं. आम्ही पोरी हौसेनं रांगेत उभ्या आणि एकेक परत, एचबी म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन कमी, एचबी कमी. रक्त द्यायला 12.5 लागतं, माझं आलं 11.2. आम्ही आपलं बिस्कीट तरी द्या म्हणून हसलो आणि निघालो. ताईनं मात्र परत पाठवलेल्या पोरींना नंतर एकेक करून गाठलं आणि चौघी-चौघींना घेऊन सिव्हिलला गेली. मी आधी टाळाटाळ केली, मग गेले. डॉक्टरांनी तपासून लोहाच्या गोळ्या दिल्या.

आता गोळ्या तर कुणीही देतं, खरी गंमत त्याच्यापुढं आहे. गोळीवर लगेच चहा प्यायचा नाही, जेवणावर पण नाही, तासभर तरी थांबायचं, कारण चहानं लोह अंगी लागत नाही आणि लिंबानं लागतं, हे तिनं इतक्या वेळा सांगितलंय की आता माझी आई घरी बाबांना सांगते. गोळ्यांनी शी काळी होते हेही तिनं आधीच सांगून ठेवलेलं, नाहीतर मी पहिल्याच आठवड्यात घाबरून पाकीट फेकून दिलं असतं (रूममेटनं फेकलंच, तिला कुणी सांगितलं नव्हतं). आणि बीट! लाल आहे म्हणून रक्त वाढतं असं आजी सांगायची, मी नाक दाबून महिनाभर ज्यूस प्यायले, ताई म्हणाली अगं बीटात लोह फार नसतं, त्यापेक्षा अळिवाचा लाडू खा. हे आधी कळलं असतं तर.

मेसमध्ये ताटाला लिंबाची फोड मिळावी म्हणून ती मेसवाल्या काकांशी जवळजवळ महिनाभर भांडली. काकांचं एकच, उन्हाळ्यात लिंबाचा भाव माहितीय का. शेवटी आठवड्यातनं तीन दिवस फोड आणि दोन दिवस बाजरीची भाकरी यावर तोडगा निघाला. भाकरी अजून कडक असते पण असते.

शनिवारी पहाटे साडेपाचला अजिंक्यतारा. वरपर्यंत गाडीरस्ता आहे त्यामुळं दम लागला तरी वाट चुकायची भीती नाही, चारभिंती स्मारकाच्या बाजूनं शहर उजाडताना दिसतं तेव्हा झोपेचं दुःख जरा कमी होतं. आठवड्याला किमान 150 मिनिटं अंग हललं पाहिजे हा ताईचा हिशोब, त्यातली निम्मी इथंच भरतात. अर्थात खाली येऊन पोवई नाक्यावर आम्ही मिसळ हाणतो, ताई पण हाणते, तेव्हा कुणी कुणाला बोलायचं नाही.

आता जे खटकलं ते. सुरुवातीला वजनकाटा दारातच होता आणि शेजारी वही, नाव लिहा वजन लिहा. मागचा वाकून बघतोय, पुढची खुसखुसतेय. माझ्या वर्गातली एक जण त्या दिवसापासनं आलीच नाही, आणि तिलाच खरी गरज होती. मी ताईला तोंडावर बोलले, तिचा चेहरा पडला, दुसऱ्या दिवशी काटा आत पडद्यामागं गेला आणि वही बंद झाली, पण ती मैत्रीण काही परत आली नाही. दुसरं, पोरं फिरकत नाहीत, सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायची ते, शिकवला त्या दिवशी तेवढी गर्दी. लोडावर मिनिटाला 100 ते 120 दाब द्यायचे म्हटल्यावर जिमवाले पहिल्यांदा दात काढत होते, दोन मिनिटांत घामाघूम. श्वासाचं सेशन मला तरी बोअर झालं, मी चक्क झोपले.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. हॉस्टेलच्या बाथरूमच्या दाराला आतून तिनं टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चिकटवलाय. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. नोटीस बोर्डावर लावला असता तर कुणी सगळ्यांसमोर उभं राहून वाचला नसता, बाथरूममध्ये कोण बघतंय. परीक्षेच्या आधी एका रात्री मी लावला होता, एवढंच सांगते.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो वजनकाट्याचा. आणि ताई मे महिन्यात पास आउट होणार, चावी कुणाकडं द्यायची ते अजून ठरलेलं नाही, सेकंड इयरवाल्यांनो बघा जरा.

वेळ बुधवार आणि शुक्रवार, साडेतीन ते पाच. पाण्याची बाटली आपली आपण आणा, तिथला माठ गळतो. माझं एचबी तीन महिन्यांनी 12.4 आलं. रक्तदानाला पॉइंट एकनं हुकलं राव.