झेलिओ प्लस ११०० आणि १५० एएचची बॅटरी: कोकणातल्या घरासाठी इन्व्हर्टरची निवड

कोकणात वीज जाण्याचे दोन प्रकार आहेत आणि इन्व्हर्टर घेणाऱ्याने ते आधी वेगळे करून पाहावेत. पहिला प्रकार पावसाळ्यातला नेहमीचा: झाडाची फांदी तारेवर टेकते, डीपीतला फ्यूज उडतो, इन्सुलेटर फुटतो, आणि वायरमन भर पावसात बिघाड शोधून काढेपर्यंत दोन-चार, कधी सहा तास घर अंधारात राहते. दुसरा प्रकार वादळाचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि रायगड व उत्तर रत्नागिरीतल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. बॅटरीवर चालणारा घरगुती इन्व्हर्टर हा पहिल्या प्रकारावरचा चांगला उपाय आहे. दुसऱ्या प्रकारात तो काही तासांतच संपतो, कारण बॅटरी पुन्हा भरायलाही वीजच लागते. हे लक्षात घेऊनच आम्ही ल्युमिनसचा झेलिओ प्लस ११०० हा साइन वेव्ह (घरच्या विजेसारखाच गुळगुळीत प्रवाह देणारा) इन्व्हर्टर आणि १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीच्या साठ्याचे माप) उंच ट्युब्युलर, म्हणजे नळीसारख्या प्लेटांची, बॅटरी अशी जोडी घेतली. त्या जोडीविषयी आणि एकूण निवडीविषयी हे लिहीत आहे.

नावात ११०० असले तरी या इन्व्हर्टरची क्षमता ९०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आहे, आणि प्रत्यक्ष वॅटमध्ये ती ७५६ इतकीच भरते. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे न पाहता हा वॅटचा आकडा विचारून घ्यावा. मात्र तोही सांगतो तो एवढेच की एका वेळी किती उपकरणे चालतील. ती किती वेळ चालतील हे बॅटरी ठरवते, आणि घरातल्या माणसांना खरी गरज असते ती तासांचीच. दुकानात बोलणे इन्व्हर्टरपासून सुरू होते आणि बॅटरी शेवटी, उरलेल्या पैशांत बसवली जाते. हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे.

हिशेब अवघड नाही. तीन साधे पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे, चार एलईडी दिवे ९ वॅटचे, वायफायचा राउटर १० वॅटचा आणि लहान टीव्ही ५५ वॅटचा धरला तर एकूण भार सव्वातीनशे वॅटच्या आसपास जातो. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे बॅटरीत १८०० वॅट-तास आहेत, त्यामुळे कागदावर साडेपाच तास निघतात. पण प्रत्यक्षात तेवढे मिळत नाहीत. बॅटरीवर छापलेली क्षमता ती वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारी असते. तीच बॅटरी चार तासांत उपसली की तिच्यातून कमी वीज निघते, आणि इन्व्हर्टरमध्येही काही भाग उष्णता होऊन जातो. म्हणून या भाराला नव्या बॅटरीवर साडेतीन ते चार तासच धरावेत. विक्रेत्याने सहा तास सांगितले तर त्याने कोणता भार धरला आहे हे त्याच्यासमोर मांडून घ्यावे.

इथेच सगळ्यात स्वस्त सुधारणा करता येते आणि ती इन्व्हर्टरच्या दुकानात कोणी सुचवत नाही. ७५ वॅटचे तीन पंखे काढून ३० वॅटच्या आसपासचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावले की वरचाच भार १९० वॅटवर येतो आणि तीच बॅटरी साडेसहा-सात तास पुरते. दुसरी बॅटरी, तिच्यासाठी २४ व्होल्टचा इन्व्हर्टर, जास्तीची जागा, हे सगळे टळते आणि रोजचे वीजबिलही उतरते. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचे झाले आहे, त्यामुळे पंखा किती वॅटचा आहे हे दुकानात उभ्याउभ्या तपासता येते.

झेलिओमधली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे त्याचा पडदा. वीज गेल्यावर बॅटरी आणखी किती तास आणि किती मिनिटे चालेल हे त्यावर दिसते. हा आकडा चालू भारावरून काढलेला अंदाज असतो आणि बॅटरी जुनी झाल्यावर त्यावर फार विसंबू नये, हे खरे. पण टीव्ही बंद केला की तो वाढतो, दुसरा पंखा लावला की घटतो, आणि ते डोळ्यांनी पाहिल्यावर घरातली लहान मुलेही नको असलेला दिवा आपणहून बंद करतात. साइन वेव्हमुळे पंख्यांची घरघर होत नाही. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ती होते, पंख्याची मोटरही जास्त तापते. ज्या घरात रात्री पंख्याखाली झोपायचे आहे तिथे हा फरक पैशांच्या मोलाचा आहे.

या इन्व्हर्टरमध्ये यूपीएस आणि इको असे दोन मोड आहेत. आमच्याकडच्या गावांत त्यांचा विचार शहरापेक्षा वेगळा करावा लागतो. यूपीएस मोडमध्ये वीज जाताच बॅटरीवर जाण्याचा बदल इतक्या चटकन होतो की संगणक बंद पडत नाही, पण या मोडला येणारी वीज ठरावीक व्होल्टेजच्या अरुंद मर्यादेतच चालते. संध्याकाळी व्होल्टेज खाली आले की वीज असूनही इन्व्हर्टर घराला बॅटरीवर घेतो, बॅटरी गुपचूप रिकामी होत राहते, आणि रात्री खरोखर वीज जाते तेव्हा तासाभरातच अंधार होतो. मग दोष बॅटरीला दिला जातो. घरात डेस्कटॉप संगणक नसेल आणि व्होल्टेज पडत असेल, तर इको मोडच योग्य आहे, कारण त्याला कमी व्होल्टेजची वीजही चालते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने त्याला यूपीएस मोडची गरज नाही.

बॅटरी निवडताना उंच ट्युब्युलर घ्यावी. तिच्यात आम्लाचे पाणी जास्त मावते, त्यामुळे वरून पाणी वारंवार घालावे लागत नाही, आणि रोज रिकामी होऊन भरण्याचा ताण ती चपट्या प्लेटच्या बॅटरीपेक्षा अधिक सोसते. तिचे वजन ५० किलोंच्या पुढे असते, तेव्हा जागा आधी ठरवून ठेवावी. भरताना या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून ती हवेशीर ठिकाणी हवी, बंद कपाटात नको आणि देवघराच्या समईजवळ तर मुळीच नको. दर तीन महिन्यांनी फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारा तरंगता दर्शक) पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे, नळाचे किंवा घरच्या फिल्टरचे पाणी चालत नाही, कारण त्यातले क्षार प्लेट खराब करतात. खाऱ्या हवेत टर्मिनलवर बुरशीसारखा पांढरा थर लवकर धरतो, तो पुसून व्हॅसलीन लावावे.

वायरिंगकडे होणारे दुर्लक्ष मात्र मला अस्वस्थ करते. इन्व्हर्टरवरच्या दिव्यापंख्यांची लाइन वेगळी काढावी लागते, आणि घरात आरसीसीबी (वीज गळून धक्का बसू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर त्या लाइनचा न्यूट्रलही, म्हणजे वीज परत नेणारी तारही, वेगळा ठेवावा लागतो. तो बाकीच्या घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळला की आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडतो, आणि घाईत असलेला कारागीर न्यूट्रल शोधत बसण्याऐवजी आरसीसीबीच काढून टाकतो. ओल्या भिंती, ओली जमीन आणि अनवाणी माणसे असलेल्या पावसाळी घरात जीव वाचवणारे तेच एक उपकरण आहे. बसवणाऱ्याने ते काढण्याचा सल्ला दिला तर त्याला थांबवावे आणि दुसरा जाणकार वायरमन बोलवावा.

मिक्सर, गिझर, इस्त्री आणि इंडक्शन या लाइनवर घेऊ नयेत. एक अश्वशक्तीचा विहिरीचा पंप सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, तो या इन्व्हर्टरला झेपणार नाही. फ्रिजची गरजही वाटते तेवढी नसते, कारण दार न उघडल्यास आतला गारवा चारेक तास टिकतो. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेले माणूस असेल, तर मात्र सगळा हिशेब नव्याने मांडायला हवा. पाच लिटरचे यंत्र साधारण साडेतीनशे वॅट घेते, म्हणजे त्या एकट्याने ही बॅटरी साडेतीन तासांत संपते. अशा घराने दोन बॅटऱ्यांची २४ व्होल्टची व्यवस्था घ्यावी आणि तिच्या जोडीला भरलेला ऑक्सिजन सिलिंडर ठेवावाच.

लिथियम बॅटरीविषयी आता सगळे विचारतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएचची बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते, म्हणून मोठ्या भाराला ती १५० एएचच्या ट्युब्युलरच्या बरोबरीने चालते. ती हलकी असते, पाणी मागत नाही, जास्त वर्षे टिकते आणि योग्य चार्जर असेल तर काही तासांत भरते. ट्युब्युलर पूर्ण भरायला दहा-बारा तास किंवा अधिक लागतात, आणि दिवसातून तीनदा वीज जाणाऱ्या गावात ती पूर्ण कधी भरतच नाही. तिथे लिथियमचे जास्तीचे पैसे वसूल होतील. तिच्यासाठी लिथियमची सोय असलेलाच इन्व्हर्टर लागतो, जुन्या इन्व्हर्टरला ती तशीच जोडू नये. आठवड्यातून एक-दोनदा वीज जाणाऱ्या घराला अजून ट्युब्युलर पुरेशी आहे.

वीज गेली तरी छतावरच्या सौर पॅनेलवर घर चालेल, असा एक गैरसमज खूप पसरला आहे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते, म्हणून अनेकांनी पॅनेल बसवली. पण ग्रिडला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेच्या तारांना, जोडलेली साधी यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद होते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. वीज नसताना पॅनेलचा उपयोग हवा असेल तर हायब्रिड (पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड तिन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. शिवाय कोकणात वीज सर्वाधिक जाते ती ढगांच्या दिवसांत, हेही हिशेबात धरावे. दीर्घकाळ वीज जाण्याच्या भीतीने जनरेटर घेणाऱ्यांनी तो पडवीतही चालवू नये, मोकळ्या अंगणातच ठेवावा, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने कळत नाही आणि जीव घेतो. चेंजओव्हर स्विचशिवाय, म्हणजे बाहेरची वीज आणि जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणाऱ्या स्विचशिवाय, तो घराच्या वायरिंगला जोडू नये.

खरेदी शक्यतो जवळच्या तालुक्याच्या गावातूनच करावी, चार पैसे जास्त पडले तरी, कारण एवढी जड बॅटरी तक्रारीसाठी लांब नेणे कठीण असते. बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना वाचून घ्यावा. दुकानात पडून राहिलेली बॅटरी न वापरताही उतरते. वॉरंटीच्या वर्षांपैकी किती काळ पूर्ण बदली मिळेल आणि किती काळ नुसती किमतीत सूट मिळेल हे वेगळे विचारावे, आणि कार्डावर तारीख व शिक्का घेतल्याशिवाय दुकान सोडू नये. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता त्याच विक्रेत्याकडे जमा करावी. तिच्यातले शिसे विषारी असते, २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि तिची किंमत नव्या बिलातून वजाही होते.