हाडापर्यंत चाकू गेला होता, हात वाचवला इथल्या ऑर्थो टीमने

दांडिया बाजारात भांडण सोडवायला गेलेल्या माझ्या दिराच्या दंडात चाकू घुसला आणि हाडातच अडकून बसला. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं तर तिथला माणूस सरळ उपसायलाच निघाला, वर म्हणे आधी पोलीस केस करून या. खरं तर सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगितलंय की जखमीवर आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर. मी चाकूला हात लावू दिला नाही, तशीच रिक्षा करून इथे या हॉस्पिटलमध्ये आणलं.

इथे कॅज्युअल्टीत पहिलं काम काय केलं तर चाकूच्या दोन्ही बाजूंनी गॉजच्या जाड घड्या लावून पट्टीने असा पक्का बांधला की हात हलवला तरी पातं हलणार नाही. पात्याने शीर कापली असेल तर तेच पातं ती दाबून धरतं, उपसलं की रक्ताची धार लागते, म्हणून काढायचं ते ऑपरेशन थिएटरमध्येच. मनगटाची नाडी बघितली, मग "मनगट वर उचला, अंगठा ताठ करा" म्हणाले, कारण दंडाच्या हाडाला चिकटूनच एक मोठी नस (नर्व्ह, रक्ताची शीर नव्हे) जाते आणि ती तुटली तर मनगट लोंबकळतं. एक्स-रे, सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन), धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि अँटिबायोटिक तर पहिल्या तासाच्या आतच चालू, हाडापर्यंत जखम असली की यात उशीर चालतच नाही नाहीतर हाडात पू होतो आणि मग वर्षानुवर्षं निस्तरत बसा. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद त्यांनी आपणहून केली, आम्हाला कुठे पळवलं नाही.

सर्जनसाहेबांनी ऑपरेशननंतर बाहेर येऊन फोटो दाखवून समजावलं, की चाकू हिसका देऊन नाही काढला, टोक आत तुटलं असतं, जखम मोठी करून नस बाजूला धरली आणि मगच काढला. मेलेलं मांस, हाडाचा चुरा साफ, सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या ओतून धुतलं. आणि वरून लगेच टाके घातले नाहीत! सासूबाई घाबरल्या, पण घाण आत कोंडू नये म्हणून जखम उघडी ठेवून परत थिएटरमध्ये बघून मग शिवली, हेच बरोबर आहे. आता भाऊजींचं मनगट व्यवस्थित उचलतंय, फिजिओ चालू आहे.

सिस्टर लोक फार प्रेमाने बोलतात, मराठीही समजतं. बिलिंग काउंटर मात्र सुधारा, मेडिक्लेमच्या एकाच कागदासाठी परत परत खाली-वर करावं लागलं. ड्रेसिंगला सकाळीच जा, उशिरा गेलात तर बसायलाही जागा मिळत नाही.